नाण्यावरचा उचललेला हात

ग्रीक देव ओळखायचा असेल तर तोंड बघू नये, हात बघावेत. हे मी पहिल्याच तासाला सांगते आणि फळ्यावर लिहीत नाही. लिहिलं की मुलं उतरवून घेतात आणि विसरून जातात. तोंडांचा काही उपयोग नसतो. दाढी झ्यूसला असते, पोसायडनला असते, हेराक्लीसलाही असते, आणि दोन हजार वर्षं लोकांच्या बोटांतून फिरलेल्या नाण्यावर नाक तेवढं शिल्लक राहतं. पण पोसायडनच्या हातात त्रिशूळ असतो. अपोलोकडे धनुष्य नाहीतर बाण. हर्मीसच्या काठीला दोन साप गुंडाळलेले. बाईच्या हातात फळांनी भरलेलं शिंग दिसलं की ती दैवाची देवी, आणि शिरस्त्राण घालून ढाल घेऊन उभी असेल तर अथेना.

त्रिशूळ दाखवला की मागच्या बाकावरून आवाज येतोच, "मॅडम, शंकर!" टोकदार टोप्या घातलेले दोन घोडेस्वार भाऊ दाखवले की म्हणतात, "खंडोबा आणि खंडोबाचा भाऊ."

"खंडोबाला भाऊ कुठून आणला रे?"

"चुलत असंल, मॅडम."

मी हसते, कारण मीही तिथूनच आले आहे. आमच्या घरात पहिली पदवी माझी. आईवडील पाथर्डीकडचे, दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जाणारे. मी शाळा सोडली नाही, मग वसतिगृह, मग बी.ए., मग प्राचीन इतिहास घेऊन एम.ए. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. नगरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास, तेवढा पगार, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते जूनमध्ये कळतं.

आमच्या कॉलेजला एका डॉक्टरसाहेबांनी नाणी द्यायचं ठरवलं तेव्हाची ही गोष्ट. हे लष्करात डॉक्टर होते, निवृत्त होऊन नगरलाच राहिले. उत्तरेकडे नेमणुकीवर असताना त्यांनी जुनी नाणी जमवली होती. त्यात एक खोका होता, आत निळी मखमल, मखमलीत गोल खळगे, प्रत्येक खळग्यात ग्रीक राजांचं एकेक नाणं. अट एकच. प्रत्येक नाण्यापुढे कार्ड हवं. देव कोणता, कशावरून ओळखला, आणि ओळखणाऱ्याचं नाव.

विभागप्रमुख सर म्हणाले, "पुण्याहून कुणालातरी बोलावू."

मी म्हणाले, "मी करते."

"मॅडम, ग्रीक आहे हे."

"एम.ए.ला मी हाच पेपर घेतला होता, सर."

"पेपर वेगळा, नाणं वेगळं."

"म्हणून तर नाणी द्या म्हणते."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. "कार्डं नीट झाली तर नवा नाणेकक्ष उघडतोय, तो तुमच्याकडे देऊ. पण चुकलं तर कॉलेजचं नाव जाईल." माझं काय जाईल ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्याची गरजही नव्हती. मी खोका घेतला आणि ग्रंथालयामागच्या खोलीत जाऊन बसले.

त्या खोलीला पूर्वेकडे एक खिडकी आहे. सकाळचं ऊन तिरपं येतं, आणि झिजलेलं नाणं तिरप्या उन्हातच बोलतं. सरळ उजेडात ती नुसती चांदीची चकती असते. कडेला धरून जरासं कलवलं की गुडघा वर येतो, मग कापडाची घडी, मग हातातली काठी. मी भिंग घ्यायची, मोबाईलवर मोठमोठ्या संग्रहालयांतले फोटो काढून ठेवायची आणि एकामागे एक ताडून बघायची. घाई केली नाही. कळलं नाही तर बाजूला ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. असं करत कार्डं भरत गेली. एका बाईच्या पाठीशी मला नुसती रेघ दिसत होती, ती रेघ पंखाची कड आहे हे कळलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं "सापडली!" म्हणाले आणि ग्रंथालयातला शिपाई डोकावून गेला.

एकच नाणं अडलं. खोक्यात मधोमध होतं, म्हणजे मानाचं. नाणी सोपवताना डॉक्टरसाहेबांनी ते स्वतःच्या बोटानं दाखवलं होतं. "हा झ्यूस. देवांचा राजा. वज्र फेकतोय बघा. पायाशी हा गरुड." या नाण्याच्या कडेला कधीतरी डाग देऊन कडी जोडलेली होती. ती काढताना काठावरची अक्षरं घासली गेली होती आणि राजाचं तोंड असतं त्या बाजूला वितळलेल्या धातूचा मोठा फोड होता. राजा कोण ते कळायला मार्ग नव्हता. उरला होता फक्त देव. समोर उभा, अंगावर कपडा नाही, उजवा हात वर, डाव्या हातावर काहीतरी लोंबतंय.

मलाही झ्यूसच दिसला. पेन्सिलनं मी तसं लिहिलंही. त्याचं कारण डॉक्टरसाहेब एकटेच नव्हते. आमच्याकडं देव्हाऱ्यात चांदीचे टाक असतात, बोटाएवढ्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव. सणाला आई ते चिंचेनं घासायची आणि मी पुसून पाटावर मांडायची. कुठला खंडोबा, कुठला भैरोबा, कुठली देवी, ते मला अक्षरओळखीच्या आधी कळत होतं. त्या टाकांमध्ये ज्याचा हात वर, त्याच्या हातात शस्त्र. तलवार नसली तर त्रिशूळ, त्रिशूळ नसला तर दंडा. आमच्या देवांनी दुसऱ्या कशासाठी हात वर केलेला मी पाहिला नव्हता. त्यामुळं नाण्यावर हात वर दिसला आणि मी त्यात शस्त्र घालून मोकळी झाले.

पण पाय पटेनात. फोटोतला वज्र फेकणारा झ्यूस पाय फाकून उभा असतो, एक टांग पुढे, अंगाला ताण, पायाशी गरुड. त्याच्या पसरलेल्या डाव्या हातावर बोकडाचं कातडं असतं, ढालीसारखं धरलेलं. आमच्या नाण्यावरचा देव दोन्ही पायांवर उभा होता, एक कंबर किंचित बाहेर काढून, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा. मी पेन्सिलचा शब्द खोडला. काय लिहायचं ते माहीत नव्हतं. फक्त फेकणारा माणूस असा उभा राहत नाही, एवढं मला पटलं होतं.

रविवारी मी आईवडिलांना भेटायला बेलापूरकडं गेले. त्या हंगामात त्यांची टोळी तिकडं होती. निघताना एसटी स्टँडवर पाटी अहिल्यानगरची, आणि येणाऱ्या गाडीचा कंडक्टर ओरडत होता नगर, नगर. उतरून चालत फडात पोचले तर अर्धा ऊस आडवा झाला होता. वडील पुढं तोडत होते. आई मोळ्या बांधून बैलगाडीपाशी नेत होती.

मी बांधावर बसून वडिलांकडं बघत राहिले. कोयता वर जातो तेव्हा पुढचा गुडघा वाकतो, खांदा खाली येतो, टाच उचलली जाते. सगळं अंग त्या हातामागं जातं. मी लहानपणी हे हजारदा पाहिलं होतं आणि स्वतः केलंही होतं, पण त्या दिवशी नाण्यासारखं पाहिलं. म्हणजे माझी शंका खरी होती. तो देव काही मारत नव्हता, काही फेकत नव्हता.

मग त्याचा हात वर कशाला?

आई मोळीजवळ आली. डाव्या हातात कोयता, त्याच हातावर घडी केलेलं पोतं लोंबत होतं. उजव्या हातानं तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि दाबून नीट बसवली, मोळी उचलून द्यायला कुणी येईपर्यंत तशीच उभी राहिली. एक कंबर बाहेर.

मी ओरडले, "आई, हालू नको!"

ती दचकली. "का? साप हाय का काय?"

"साप नाही. तशीच उभी राहा. हात तसाच डोक्यावर ठेव."

"अगं, मोळी उचलायची हाय मला. मुकादम बघतोय."

"एक मिनिट गं."

मी पुढून बघितलं, बाजूनं बघितलं. बाकीच्या बायका थांबून हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "लेक लई शिकली, आता आईचा पुतळा करतीय वाटतं."

आई म्हणाली, "करू दे बाई. पन पुतळ्याच्या हातात कोयता नको, बांगड्या दाखव म्हनावं."

मी तिला मोबाईलवर नाण्याचा फोटो दाखवला. देवाच्या डोक्यावर एक पुसट कमान होती. ती मी इतके दिवस ठोकताना पडलेली चूक समजत होते. "हा बघ. हा आपल्या हातानं आपल्या डोक्यावर काहीतरी ठेवतोय."

आईनं डोळे बारीक केले. "व्हय का? मंग देवाला बी मोळी उचलायची हुती का?"

"मोळी नाही. पानांचं कडं आहे. जिंकल्यावर घालतात."

"आन घालायला दुसरं कुनी न्हवतं?"

"नव्हतं वाटतं."

"गरीबच म्हनायचा," असं म्हणून तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली.

सोमवारी सकाळी ऊन आल्या आल्या मी नाणं काढलं. आता कुठं बघायचं ते माहीत होतं. डाव्या हातावर लोंबतंय ते चामडं आहे, त्याच हातात खाली जाड आणि वर निमुळती अशी रेघ आहे, ती गदा. उजव्या हातात पानांचं कडं, स्वतःच्याच डोक्यावर टेकवलेलं. सिंह मारून त्याचं कातडं मिरवणारा हेराक्लीस. असेच उभे हेराक्लीस इतर नाण्यांवर आहेत. मी फोटो शेजारी ठेवून हात, कंबर, पाय, एकेक ताडलं. गरुड म्हणून जो उंचवटा दाखवला जात होता, तो पायापासून बराच लांब होता आणि त्याला चोचही नव्हती, पंखही नव्हते. टांकसाळीची खूण. मी शाईनं कार्ड लिहिलं: हेराक्लीस, स्वतःला हार घालताना. खाली माझं नाव.

डॉक्टरसाहेबांना हे आधी मीच सांगायचं ठरवलं. नाणेकक्षाच्या उद्घाटनाला येऊन त्यांनी कार्डावर वाचावं हे बरं दिसलं नसतं. त्यांच्या घरी गेले, फोटो टेबलावर मांडले.

"डॉक्टरसाहेब, हा झ्यूस नाही. हेराक्लीस आहे."

"बाई, तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून हा झ्यूस आहे."

"नाणं त्याच्याही आधीपासूनचं आहे, साहेब."

ते हसले. मला वाटलं, सोपं जाईल. मी पाय दाखवले, हात दाखवला, कडं दाखवलं. उसाच्या फडातलंही सांगितलं, काही लपवलं नाही. ते भिंग न घेताच बघत होते. मग त्यांचं हसू गेलं.

"ही कडी कुणी लावली माहीत आहे? मी. लग्नानंतर हिला दिलं होतं हे. हिच्या गळ्यात असायचं. लोक विचारायचे, हा कोण? ती सांगायची, झ्यूस, देवांचा राजा. ती गेल्यावर कडी काढून खोक्यात ठेवलं." भिंतीकडे बघत म्हणाले, "तिला मी खोटं सांगितलं म्हणता?"

"नाही, साहेब. विकणाऱ्यानं तुम्हाला झ्यूस म्हणून दिलं असणार, तुम्ही तेच सांगितलंत."

"मग तेच लिहा."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, कारण भिंतीवर त्या बाईंचा फोटो होता आणि त्यांच्या गळ्यात तेच नाणं होतं. पण मला वाईट वाटलं म्हणून सिंहाच्या कातड्याचं बोकडाचं होत नाही. मी म्हणाले, "माझ्या नावानं मी झ्यूस लिहू शकत नाही."

"मग ते नाणं मिळणार नाही."

"तुमचं नाणं आहे, साहेब. तुमच्या मनावर आहे."

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. डॉक्टरसाहेबांचा फोन आला होता. सर खालच्या आवाजात बोलत होते, म्हणजे चिडले होते.

"झ्यूस लिहिलं तर काय बिघडतं? इथं कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना, सर."

"उद्या सगळा खोका परत नेला म्हणजे?"

"तर मी त्यांच्या घरी जाऊन बाकीची कार्डं देऊन येईन. ती बरोबर आहेत. पण हे नाही बदलणार."

"तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, मॅडम," सर म्हणाले.

"माहीत आहे, सर. ती कार्डं मी तासांच्या पगारात केलेली नाहीत."

मी बाहेर आले. स्टाफरूममध्ये एका बाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "एवढं ताणू नये गं. तुझ्यामागं कोण आहे?" मी चहा प्यायले. मागं कुणी नाही हे खरंच होतं. म्हणूनच कार्डावर जे होतं ते मोडू देऊन चाललं नसतं. एकदा माझ्या नावाखाली दुसऱ्याचं म्हणणं गेलं की पुढचं प्रत्येक कार्ड विचारून लिहावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरसाहेबांनी खोका घरी मागवून घेतला, आणि उद्घाटनाच्या सकाळी त्यांचा माणूस तो घेऊन परत आला. सगळी नाणी होती. मधला खळगा रिकामा होता.

सर म्हणाले, "बरं झालं, वाद मिटला. ते कार्ड काढून टाका आता."

मी काढलं नाही. रिकाम्या खळग्यापुढे ते कार्ड ठेवलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: नाणं देणगीदारांकडे आहे.

"मॅडम, रिकाम्या जागेला कार्ड कसलं?"

"नाणं इथं होतं. मी बघितलंय. ते काढायचं असेल तर बाकीच्या कार्डांवरूनही माझं नाव काढा, सर."

बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. सरांनी एकदा कार्डांच्या रांगेकडं पाहिलं, एकदा दाराकडं, आणि हार आलेत का बघायला निघून गेले. नाणेकक्षाची किल्ली त्यांनी महिनाभरानं दिली. म्हणाले, "तात्पुरती." मी घेतली.

लोकांचं काही सांगता येत नाही. इतकी सुंदर नाणी ठेवली आहेत, पंखवाली विजयदेवी नायकी आहे, त्रिशूळवाला पोसायडन आहे, आणि सगळे थांबतात ते रिकाम्या खळग्यापाशी. "इथलं कुठं गेलं?" विचारतात. मग मी सांगते. डावा हात असा, त्यावर कातडं, त्यातच गदा. उजवा हात असा वर. शाळेची पोरं लगेच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहतात, आणि एखादा हात उगारतो तेव्हा दुसराच त्याला म्हणतो, "ए, मारत न्हाई तो. पाय बघ की त्याचे."

एका दुपारी असंच सांगत असताना दाराशी डॉक्टरसाहेब उभे दिसले. कधी आले कळलं नाही. पोरं गेल्यावर ते काठी टेकत आत आले, खळग्यापुढे उभे राहिले आणि कार्ड वाचलं. बराच वेळ वाचलं, कार्ड लहान असूनही.

"कातडं डाव्या हातावर, असं लिहिलंय तुम्ही."

"हो, साहेब."

"खाली पंजा लोंबतोय त्याचा. नखं आहेत. तिरप्या उन्हात दिसतात." माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते लिहिलेलं नाही."

मला तो पंजा दिसला नव्हता. इतके दिवस नाणं हातात असून दिसला नव्हता. "कार्डावर घालू का?"

"घाला. बरोबर असेल ते सगळं असावं."

मी खाली त्यांचं नाव घालायचं का विचारलं. ते नको म्हणाले. नाणं त्यांनी दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. ते गेल्यावर मी मोबाईलवरचा नाण्याचा फोटो मोठा करून बघितला, नखं होती. मग काच उघडली, कार्ड बाहेर काढलं आणि कातड्याच्या पुढे लिहिलं: पंजा व नखे स्पष्ट.